उभी इमारत काय करत असते?



परवा वर्गात 'बल' शिकवत होते. ढकलणं किंवा ओढणं म्हणजे बल. बलामुळे वस्तू हलते, थांबते, दिशा बदलते. एवढं फळ्यावर लिहून होतंय तोच मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, मग आपली शाळा हलत नाही, म्हणजे तिच्यावर बल नाहीच ना?"

सगळा वर्ग हसला. मी मात्र हसले नाही, कारण प्रश्न अगदी बरोबर होता. शिवाय हा मुलगा दोन दिवस गप्प गप्प होता. त्याच्या इमारतीच्या तळमजल्यावर एका दुकानात तोडफोड चालली होती आणि घरातली भांडीसुद्धा थरथरतात, असं तो सांगत होता.

आमची शाळा घाटकोपरची. इथल्या मोठ्या माणसांना 25 जुलै 2017 ही तारीख लक्षात आहे. त्या सकाळी साडेदहाच्या सुमारास घाटकोपर पश्चिमेची 'सिद्धी साई' सोसायटीची इमारत कोसळली. तळमजला आणि वर चार मजले. 17 माणसं गेली. तळमजल्यावर त्या वेळी दुरुस्तीचं काम चालू होतं आणि चौकशीतही तिथे केलेल्या फेरबदलांवरच बोट ठेवलं गेलं. वर्तमानपत्रं अशा वेळी 'पत्त्यांच्या बंगल्यासारखी कोसळली' असं लिहितात. मला ती उपमा पटत नाही. का, ते पुढे सांगते.

आधी प्रश्नाचं उत्तर. हातावर दप्तर धरून उभे राहा. दप्तर हलत नाही. पण तुमचा हात स्वस्थ आहे का? पाच मिनिटांनी तोच सांगेल! पृथ्वी दप्तर खाली ओढते, हात तेवढ्याच बलाने वर ढकलतो. दोन्ही बलं सारखी, म्हणून दप्तर जागच्या जागी. इमारतही अशीच उभी असते. दहा फूट बाय बारा फुटांच्या खोलीवरचा पाच इंच जाडीचा स्लॅब घ्या. त्याचं वजन साधारण साडेतीन टन भरतं. म्हणजे डोक्यावर एक हत्तीच! तो रात्रंदिवस खाली यायला बघतो आणि खालचे खांब त्याला तितक्याच बलाने वर ढकलत राहतात. सगळ्यात वरच्या मजल्याच्या खांबावर फक्त गच्चीचा भार असतो. तळमजल्याच्या खांबावर मात्र वरचे सगळे मजले, त्यातली कपाटं, पाण्याच्या टाक्या आणि झोपलेली माणसं, सगळं येतं.

मग आम्ही एक खेळ केला. तुम्हीही करा. जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांच्या सारख्या उंचीच्या चार नळ्या करा, दोऱ्याने बांधा. त्या टेबलावर उभ्या करून त्यांवर परीक्षेचं पॅड ठेवा, चार कोपऱ्यांना चार नळ्या. पॅडच्या बरोबर मधोमध बारा वह्या रचा. प्रत्येक नळीवर किती वह्यांचा भार? तीन. शाबास!

"आता एक नळी काढली तर?"

"चार-चार-चार!" सगळा वर्ग एका सुरात. बारा भागिले तीन, पाढे पाठ आहेत ना!

मी रिकाम्या होणाऱ्या कोपऱ्याखाली एक बोट धरलं, अगदी हलकेच, आणि तिथली नळी काढली. मग एका मुलीला समोरच्या तिरप्या कोपऱ्यातली नळी हलवून बघायला सांगितलं. ती सहज सरकली! तिच्यावर भारच नव्हता. सगळा भार उरलेल्या दोघींवर गेला होता, सहा आणि सहा. म्हणजे दोघींचं ओझं दुप्पट आणि एक नुसती नावाला उभी. मी बोट काढलं. पॅड रिकाम्या कोपऱ्याकडे कललं आणि वह्या धडाधड जमिनीवर.

खऱ्या इमारतीत खांब जास्त असतात, तुळयांनी एकमेकांना बांधलेले असतात, त्यामुळे हिशेब इतका सोपा नसतो. पण एक गोष्ट तीच राहते. गेलेल्या खांबाचा भार सगळ्यांना सारखा वाटला जात नाही, शेजारचे खांबच तो जास्त उचलतात. आणि त्या खांबांत आधीच पाणी मुरून सळ्या गंजलेल्या असतील, तर? लोखंड गंजलं की फुगतं आणि भोवतीच्या काँक्रीटला आतूनच फोडतं. मुंबईच्या पावसात आणि खाऱ्या हवेत हे काम मुकाट चालू असतं.

आता पत्त्यांचा बंगला. पत्ता पत्त्यावर पडला तर मोडतो का? नाही. स्लॅब मात्र मोडतो. घरात तबकडीचा काटा असेल तर अर्धा किलो डाळीची पुडी त्यावर हळूच ठेवा. काटा अर्ध्या किलोवर. आता पुडी ताटलीला नुसती टेकवून धरा आणि एकदम सोडा. काटा क्षणभर जवळजवळ एक किलोपर्यंत जाऊन परत येईल! वीतभर उंचीवरून टाकलीत तर आणखी पुढे जाईल (आणि आई ओरडेल, तेव्हा पुडी घट्ट बांधलेली हवी). पुडी तीच, वजन तेच. पण पडणाऱ्या वस्तूला थांबवायला वजनापेक्षा जास्त बल लागतं. तीन मीटरवरून पडलेला स्लॅब पाऊण सेकंदाहून थोड्याच जास्त वेळात ताशी 28 किलोमीटरच्या वेगाने खाली येतो. खालचा मजला उभ्या भारासाठी बांधलेला असतो, अशा धडकेसाठी नाही. तो तुटतो, मग त्याच्या खालचा. म्हणून सगळं काही क्षणांत होतं, पळायला वेळ मिळत नाही.

पालकांसाठी दोन शब्द. मुंबईत 30 वर्षांहून जुन्या इमारतींची तज्ज्ञांकडून तपासणी, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट, करून घेणं कायद्याने बंधनकारक आहे. सोसायटीच्या सभेत हा विषय चहाबरोबर संपवू नका. खांबाला नवी उभी भेग, एकाएकी अडकणारं दार, सारखा पडणारा गिलावा दिसला तर वाट न बघता बाहेर या आणि महापालिकेच्या 1916 किंवा अग्निशमन दलाच्या 101 क्रमांकावर कळवा.

तो मुलगा त्या संध्याकाळी आजोबांना घेऊन दुकानात गेला. "पोराचं काय ऐकता, आजोबा!" म्हणून दुकानदार चिडले. पण आजोबा हटले नाहीत. त्यांनी सेक्रेटरींना गाठलं आणि दोन दिवसांनी इंजिनिअर आले. निघालं असं, की तोडत होते ती मधली विटांची भिंत होती. तिच्यावर वरचा भार नव्हता, खांब शाबूत होते. दुकानदार म्हणाले, "बघा, उगाच घाबरवलं." आजोबा म्हणाले, "आज रात्री झोप लागेल, तेवढं पुरे."

इंजिनिअरकाकांनी त्या मुलाला खांब आणि भिंत कशी ओळखायची ते दाखवलं. त्यांच्या तळमजल्यावर चौदा खांब आहेत. हल्ली तो शाळेत आला की आधी मला हजेरी देतो, "बाई, चौदाच्या चौदा!"