पट्टा आधी की पोट आधी?

"आधी वजन कमी करा मॅडम, मग पट्टा आपोआप बसेल!"

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत नागपूरच्या एका दुकानात हे वाक्य ऐकलं. सांगणारा माणूस काही वाईट नव्हता, हसत हसतच बोलला. मला पाहिजे होता धावताना कमरेला बांधायचा पाण्याचा पट्टा. दोन बाजूंना दोन छोट्या बाटल्या अडकवता येतात, तसला. त्यावर छान 'फ्री साइज' असं छापलेलं होतं. ही 'फ्री साइज' माझ्या पोटावर चार बोटं कमी पडली.

बाहेर येऊन विचार केला. वजन कमी करायला धावायचं, धावायला पाणी लागतं, पाणी न्यायला पट्टा लागतो, आणि पट्टा बसायला वजन कमी पाहिजे! प्रोग्रॅमिंगच्या लॅबमध्ये याला 'इन्फिनिट लूप' म्हणतात आणि सर मार्क कापतात. दुकानात मात्र हाच लूप सल्ला म्हणून फुकट मिळतो.

आता ओळख करून देते. मी सेलूची. वजन ९२ किलो. शाळा सिस्टरांची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी सांभाळून घ्यावे. दोन वर्षांपासून धावते. बारीक व्हायला नाही, आवडतं म्हणून. हळू धावते, पण थांबत नाही. सध्या १२ किलोमीटर होतात, एक दिवस अर्धमॅरेथॉनचे २१ करायचे आहेत.

सेलूला पहाटे धावणारे कमी नाहीत. पोलीस भरतीची तयारी करणारी किती तरी मुलं-मुली अंधारातच रस्त्यावर असतात. पण त्यांची परीक्षा मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर. तेवढ्याला वाटेत पाणी लागत नाही. लांब धावणाऱ्याचं गणित वेगळं असतं, आणि ते मला मार्च महिन्यात कळलं. बोर धरणाच्या नहरीच्या कडेनं निघाले होते, रिकाम्या हातानं. उशीर झाला, ऊन चढलं, परत येताना डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचायला लागले. वावरात कामाला आलेल्या एका काकूंनी झाडाखाली बसवलं, कॅनमधलं पाणी पाजलं आणि म्हणाल्या, "आमी वावरात येतो तं पाणी धरून येतो. तू एवढी धावते अन् रिकामीच?"

काय सांगणार? पट्टा बसला नाही, हे?

तुम्ही म्हणाल, एका पट्ट्यासाठी एवढा मोठा लेख! पण जरा हिशेब बघा, आपण इंजिनियर आहोत. धावताना साधारण दर किलोला, दर किलोमीटरला एक किलोकॅलरी लागते. ६० किलोची माझी रूममेट २१ किलोमीटर धावली तर १२६० आणि मी धावले तर १९३२. यातला बराचसा भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. आणि शरीर मोठं झालं की वजन जितक्या पटीत वाढतं तितक्या पटीत कातडीचं क्षेत्रफळ वाढत नाही, म्हणजे 'रेडिएटर' त्या मानाने लहानच राहतो. घाम जास्त येणारच. वर मी हळू, म्हणजे उन्हात जास्त वेळ. तिला दोन तास, तर मला तीन तासांहून जास्त. थोडक्यात, पाण्याची गरज ज्याला सगळ्यात जास्त, त्याच्याच मापाचा पट्टा दुकानात नाही!

'स्पर्धेत पाणी ठेवलेलंच असतं की', असं काही जण म्हणतील. असतं, पण पुढच्यांसाठी. एका १० किलोमीटरच्या स्पर्धेत मी शेवटच्या टेबलापाशी पोचले तेव्हा मुलं टेबल घडी करत होती. ग्लास होते, सगळे रस्त्यावर चेंदलेले. मागे राहणाऱ्याने स्वतःचं पाणी स्वतःच नेलं पाहिजे, हे त्या दिवशी शिकले.

मग नेमकं चुकतं कुठे? पट्टा बनवणाऱ्याने कंबर म्हणजे सरळ नळी असं धरलेलं असतं. आमची कंबर नळी नाही, उतार आहे. दर पावलाला पट्टा वर सरकतो, पोटावर चढतो, गुंडाळी होते आणि घामाच्या मिठाने कातडी काचते. पाठीवरच्या पिशवीची तऱ्हा वेगळी. छातीवरचे बंद ठराविक जागी शिवलेले असतात, मुलींना नेमके नको तिथे येतात, आणि काखेत घासून असे लाल चट्टे पडतात की रात्री आंघोळीचं पाणी लागलं की ओरडावं वाटतं. त्यापेक्षा हातात बाटली धरावी, तर तासाभराने खांदाच भरून येतो.

शेवटी मी सेलूच्या एका टेलरकाकांकडे गेले. त्यांनी आयुष्यात मॅरेथॉन पाहिलेली नाही. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "बेटा, हा बसतो कुठं? पोटावर, का खाली हाडावर?" दुकानात हे कोणी विचारलंच नव्हतं! मग पोटाखाली, कमरेच्या हाडावर टेप लावला. पळायच्याच कपड्यांत, मोठा श्वास घेऊन माप घेतलं. मागे रुंद पट्टी, पुढे इलॅस्टिक, शिवण बाहेरच्या बाजूला, घट्ट-सैल करायला वेल्क्रो. एका मोठ्या बाटलीऐवजी पाव लिटरच्या दोन, दोन्ही बाजूंना. शिलाई १८० रुपये. पहिल्या दिवशी थोडा सरकला, दुसऱ्यांदा दोन टाके घातले. आता बसतो.

याच्यातून शिकलेल्या काही गोष्टी, कोणाला उपयोगी पडल्या तर:

बाटली काठोकाठ भरा. अर्धी बाटली डुचमळते आणि तीच जास्त हेलकावे देते. काचतं तिथे निघायच्या आधीच व्हॅसलीन लावा, नंतर नाही. पट्टा घरी आल्यावर लगेच धुवा, वाळलेलं मीठ करवतीसारखं लागतं. दुकानात घेणार असाल तर बाटल्या भरून तिथेच दहा उड्या मारा, लाजू नका. आणि दोन बाटल्यांत भागत नसेल तर सरळ लांब जाऊ नका, घराजवळून फेऱ्या मारा. आमच्या फाटकावर माझी तिसरी बाटली ठेवलेली असते.

किती प्यायचं, हेही मापूनच ठरवा. धावायच्या आधी आणि नंतर अंग कोरडं करून वजन करा. एक किलो कमी भरलं तर साधारण एक लिटर पाणी गेलं, मध्ये प्यायलेलं त्यात मिळवायचं. पण वजन उलट वाढलं तर सावध व्हा! २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं होतं, त्यात १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं. धावताना ज्यांचं वजन वाढलं होतं आणि ज्यांना चार तासांहून जास्त वेळ लागला, त्यांना धोका अधिक होता. म्हणजे आमच्यासारख्या हळू धावणाऱ्यांना पाणी कमी पडूनही चालत नाही आणि भसाभसा पिऊनही चालत नाही.

आता मुद्द्याचं बोलते. पट्टा बसला नाही की आपण म्हणतो, माझं पोट मोठं आहे. पट्टा लहान आहे, असं का म्हणत नाही? पाठीवरच्या पाण्याच्या पिशवीचा जो प्रसिद्ध ब्रँड आहे, कॅमलबॅक, त्याची सुरुवात कशी झाली माहीत आहे? १९८० च्या दशकाच्या शेवटी टेक्सासच्या उन्हात सायकलची शर्यत होती. मायकल आयडसन नावाच्या, अँब्युलन्सवर काम करणाऱ्या माणसाने सलाइनच्या पिशवीत पाणी भरलं, ती मोज्यात कोंबली आणि शर्टाच्या पाठीला लावली. ज्याला गरज होती त्यानेच केलं, स्वतःच्या पाठीच्या मापाने.

आणि इतकं लांब जायलाही नको, आपला जिल्हा गांधीजींचा. १९२९ साली चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. अटी वाचण्यासारख्या आहेत. किंमत १५० रुपयांच्या आत, आणि बाईला फार श्रम न पडता सलग आठ तास चालवता आला पाहिजे. चालवणाऱ्या बाईने आधी अंगात ताकद आणावी, अशी अट कुठेही नव्हती. यंत्राने माणसाच्या मापाचं व्हायचं, हे आपल्या सिलॅबसमध्ये 'अर्गोनॉमिक्स' या नावाने शेवटच्या युनिटला असतं आणि आपण ते ऑप्शनला टाकतो!

भारतीयांची मापं घेऊन आपला स्वतःचा साइज चार्ट करायचं काम 'निफ्ट'ने 'इंडियासाइज' या नावाने हाती घेतलं. चांगलंच आहे. पण आपण तोवर थांबायचं कशाला? होस्टेलमध्ये टेप आहे, वर्कशॉपमध्ये शिलाई मशीन आणता येईल, आणि फायनल इयरला दरवर्षी प्रोजेक्टचे तेच ते विषय फिरत असतात. एखाद्या ग्रुपने हा घ्यावा. मापं द्यायला मी पहिली उभी राहीन. आणि क्रीडा विभागाला एक नम्र विनंती: गॅदरिंगच्या क्रॉस कंट्रीत टी-शर्ट एक्सएलच्या पुढेही मागवा, आणि शेवटचा माणूस येईपर्यंत पाण्याचं टेबल उचलू नका.

तो शेवटचा माणूस बहुतेक मीच असेन. पट्टा बांधलेला असेल, पण तिसरी बाटली ठेवायला तिथे आमचं फाटक नाही ना!

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल