हिशेब तुमचा, किल्लीही तुमचीच हवी

धंद्याचा सगळा हिशेब एकाच सॉफ्टवेअरमध्ये अडकला, की कंपनीने दर वाढवले तरी व्यापारी निमूटपणे पैसे भरतो. सोडून जाणे त्याहून महाग पडते. ओपन सोर्समध्ये ही अडवणूक अवघड असते. मुंबईच्या ‘फ्रॅपे’ कंपनीच्या ‘ईआरपीनेक्स्ट’चा कोड जीपीएल ३ परवान्याखाली सर्वांना खुला आहे. तो स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतो, दुसऱ्या तंत्रज्ञाकडून बदलून घेता येतो. कंपनी कमावते ती होस्टिंग आणि सेवेतून. त्यामुळे ग्राहक टिकवायचा तर काम चांगलेच करावे लागते. सचोटीचा व्यवहार तो हाच. कोड बंद ठेवणाऱ्या कंपन्यांनीही निदान एवढे पाळावे: ग्राहक निघाला, तर त्याचा डेटा वापरता येईल अशा स्वरूपात विनाशुल्क परत द्यावा. व्यापाऱ्यांनी ही अट खरेदीपूर्वीच लेखी घ्यावी.