दाखला द्यावा तर पुरता द्यावा

कलावंताला व्यसन असावयाचेच, त्यावाचून सुरांना धार चढत नाही, हे मत अलीकडे मांडवीच्या कमानीखाली, इतकेच काय पण मंदिराच्या ओट्यावरही आमच्या कानी पडते. तरुण मंडळी दाखला देतात अमेरिकेच्या ट्रेंट रेझनरचा. यंत्रांच्या खडखडाटातून उभे राहणारे त्याचे ‘इंडस्ट्रियल रॉक’ आम्हांस मुळीच रुचत नाही. परंतु दाखला द्यावयाचा तर तो पुरता द्यावा.

हा गृहस्थ क्लीव्हलंडच्या एका ध्वनिमुद्रणशाळेत झाडलोट करी आणि ती रिकामी असेल तेव्हा आपली गाणी मुद्रित करी. १९८९ सालचा त्याचा पहिला संग्रह त्या कष्टांतून निघाला. नशेने काय दिले? १९९९ च्या संग्रहानंतर दारू आणि कोकेन यांनी त्याला २००१ मध्ये उपचारगृहात पोहोचविले, व पुढचा संग्रह यावयास २००५ उजाडले. ‘द सोशल नेटवर्क’च्या संगीताबद्दल २०११ मध्ये ॲटिकस रॉससह ऑस्कर मिळाले, ते व्यसन सुटल्यावर. हा उत्तरार्ध कोणी सांगत नाही!

आणि आमचे वडीलधारे? गुजरातेत दारूबंदी आहे, मग येथे व्यसनी कोठून, असे म्हणून ते मोकळे होतात. २०२२ मध्ये बोटाद व अहमदाबाद जिल्ह्यांत विषारी दारूने चाळिसांहून अधिक माणसे मेली, ती याच गुजरातेत. पुण्याच्या ‘मुक्तांगण’सारख्या संस्थेतून बरा होऊन आलेला मुलगा भजनास बसला की हेच वडीलधारे त्याचा पूर्वेतिहास उगाळतात. येत्या एकादशीस विठ्ठलनाथजींच्या वरघोड्यात अशा मुलाच्या हाती पहिल्या रांगेत टाळ द्यावा, ही आमची मंडळींकडे मागणी आहे.