आरोप म्हणजे गुन्हा नव्हे!

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, दारांत पोलीस आला कीं आपलीं घरें अर्धमेलीं होतात. गांव लगेच म्हणतो, "कांहीं केल्यावांचून कां धरलें?" ही समजूत किती घातकी आहे, हें आमच्या नाशकांतच दिसलें आहे.

सन २००३ मध्यें नाशिकजवळ पांच खून झाले. भटक्या जमातींतील सहा गरीब मजुरांवर आरोप आला. २००६ सालीं सत्र न्यायालयानें सहाहि जणांस फांशी सुनावली. २००९ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंहि तीच शिक्षा दिली. पुढें २०१९ सालीं त्याच न्यायालयानें सर्वांस निर्दोष ठरविलें! जखमी साक्षीदार बाईनें पोलिसांच्या छायाचित्रांतून दुसरेच चौघे ओळखले होते. ती गोष्ट दडपली गेली होती. प्रत्येकास पांच लाख रुपये देण्याचा हुकूम झाला. पण तुरुंगांत कुजलेलीं सोळा वर्षें कोणता खजिना भरून देणार?

म्हणून आम्ही सांगतों: दलालापुढें पैसे ओतण्याआधीं कायदा विचारा. कोणतें कलम लावलें? साध्या चोरीस तीन वर्षांपर्यंत कैद, खुनास जन्मठेप किंवा फांशी. जामीनहि कलमावरच अवलंबून. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. खुनाचें जुनें ३०२ आतां १०३ झालें आहे. अटकेचें कारण सांगणें व प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत न्यायाधीशापुढें उभें करणें पोलिसांस भाग आहे. कोठडींतल्या माणसास जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मागतां येतो. पोलिसांपुढील नुसता कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा होत नाहीं.

आणि शेजाऱ्यांनो, निकालाआधीं कोणाला चोर म्हणूं नका. घरच्यांनो, न वाचलेल्या कागदावर अंगठा उठवूं नका.