लहान संस्थांचे अनुदान आणि कार्यकर्त्याची भाकरी

तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या एखाद्या लहान संस्थेचे जमाखर्चाचे पुस्तक उघडले, तर एक विसंगती तत्काळ ध्यानात येते. शिलाई यंत्रे, पुस्तके, शिबिरे यांसाठी अनुदान मिळते. पण ती यंत्रे चालवावयास शिकवणाऱ्या, शिबिरासाठी वाड्यावस्त्या पायाखाली घालणाऱ्या कार्यकर्त्याच्या मानधनाला मात्र तेथे जागा नसते. जणू त्याने वाऱ्यावर जगावे!

अलीकडच्या कायद्यांनी ही विसंगती वाढविली आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने मोठ्या कंपन्यांवर सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करण्याचे बंधन घातले. हे स्वागतार्हच होते. परंतु कंपनीने आपल्या कार्यक्षेत्राच्या परिसरास अग्रक्रम द्यावा, असेही तेच कलम सांगते. म्हणजे जेथे कारखाना नाही आणि रोजगारही नाही, तेथे हा निधी पोहोचण्याची शक्यताही कमी. शिवाय कोणत्या कामास पैसा द्यावयाचा, हे ठरविणार संचालक मंडळ. किमान वेतनासाठी शेतमजुरांना संघटित करणाऱ्यांच्या पदरात तेथून काय पडणार?

२०२० साली परदेशी देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन एका संस्थेने मिळविलेला परदेशी निधी दुसरीस देण्यास बंदी आली. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. परदेशी पैशाचा आम्हांला मोह नाही आणि त्यावर देखरेख असावी हेही मान्य. तथापि, मोठ्या संस्थांमार्फत खेड्यांतील लहान संस्थांपर्यंत येणारा एक पाट त्यामुळे बुजला, हे नाकारता येत नाही.

मग उपाय कोणता? १९१४ साली अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरी फ्रेडरिक गॉफ या बँकरने गावच्या देणग्या एकत्र करून गावच्याच समितीमार्फत वाटणारा निधी स्थापिला. धनिकांच्या मृत्युपत्रांवर विसंबणारी ती कल्पना आपण जशीच्या तशी उचलण्याचे कारण नाही. आपल्यापाशी अधिक जवळचा धडा आहे. १९८० च्या दशकात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आदी कलावंतांनी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधीस पैसा मिळवून दिला. डॉ. बाबा आढाव आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर त्या कामात अग्रभागी होते. या निधीने परिवर्तनाच्या चळवळींतील पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन दिले. त्याच्या नावातच त्याचे तत्त्व आहे : हे दान नव्हे, समाजाने मान्य केलेले ऋण होय.

असे निधी तालुक्या-तालुक्यांत उभे राहिले पाहिजेत. शिक्षक, हमाल, निवृत्त कर्मचारी, शेतकरी यांनी दरमहा ठरावीक रक्कम द्यावी. अर्ज मराठीत आणि एका पानाचा असावा. मानधनास अग्रक्रम मिळावा. हिशेब दरवर्षी जाहीर सभेत वाचला जावा. आणि मुख्य म्हणजे हा निधी पक्षाचा नसावा. पक्षावर टीका करणाऱ्या संस्थेलाही तो मिळाला पाहिजे.

अशा निधीमुळे शासन आपली जबाबदारी झटकेल, अशी शंका काही मित्र घेतात. ती निराधार नाही. शाळा, दवाखाना, रोजगार हमी ही शासनाचीच कामे. लोकवर्गणी त्यांची जागा घेऊ शकत नाही, घेऊही नये. परंतु शासनास त्या जबाबदारीची आठवण करून देणारा माणूस गावात टिकावयाचा असेल, तर त्याची चूल पेटती ठेवण्याचे काम शासन करणार नाही. ते आपल्यालाच करावे लागेल.