शेपटीचें हाड आणि त्याचें नांव

पावसाळ्यांत आमच्या नगर जिल्ह्यांतील डबक्यांत बेडकांचीं शेपटीवालीं पिलें दिसतात. त्यांची शेपटी पुढें कोठें जाते? ती गळून पडत नाहीं. शरीरांतच विरते, आणि तिच्या बुडाचे मणके जुळून लांब दांडीसारखें एक हाड होतें. त्यास शास्त्रज्ञ युरोस्टाइल म्हणतात. कोंबडीच्या शेपटाच्या टोंकासही जुळलेल्या मणक्यांचें हाड असतें. पण तें नांगराच्या फाळासारखें आखूड व चपटें असून शेपटाच्या पिसांस आधार देतें. त्याचें नांव पायगोस्टाइल. घरीं कोंबडी शिजते तेव्हां पालकांनीं मुलांस तें अवश्य दाखवावें.

आतां वाद असा. २००० सालीं मंगोलियांतील नोमिंजिया नांवाच्या डायनोसॉरचें वर्णन प्रसिद्ध झालें. त्याच्या शेपटीचे शेवटचे पांच मणके पक्ष्यांप्रमाणेंच एकजीव झालेले आढळले. परंतु सुमारें पंधरा कोटी वर्षांपूर्वींच्या आर्किऑप्टेरिक्स या आद्य पक्ष्याची शेपटी लांब व सुट्या मणक्यांची होती. तेव्हां नोमिंजियाचें हाड आणि पक्ष्यांचें हाड निरनिराळ्या वाटांनीं घडलें असावें. मग दोहोंस एकच नांव द्यावें काय? देऊं नये, त्यानें एका कुळाचा भास होतो, असा आक्षेप घेतां येतो.

आम्हांस तो पटत नाहीं. पिंपळगाव माळवी नगर तालुक्यांत आहे, पिंपळगाव खांड अकोले तालुक्यांत. म्हणून दोन्ही गांवचे लोक भाऊबंद, असें कोणी मानीत नाहीं. हाडाचें नांवही आकारावरूनच असावें, कारण कुळावरून दिलेलीं नांवें पुष्कळदां टिकत नाहींत. मुंबईस वरळी येथें, लाव्हाच्या थरांमधील गाळांत, एका चिमुकल्या बेडकाचे अवशेष सांपडले. रिचर्ड ओवेन यांनीं १८४७ मध्यें त्यास राना पुसिला म्हणून हल्लींच्या बेडकांच्या गोतांत बसविलें. १९३० मध्यें नोबल यांनीं तें गोत नाकारून त्यास इंडोबॅट्राकस ठरविलें. बेडकाचें नांव बदललें, हाडांचीं नांवें बदलावीं लागलीं नाहींत. आणि गंमत अशी कीं, मुळांत एकच असलेले अवयव व केवळ काम सारखें असलेले अवयव यांतील भेद १८४३ मध्यें स्पष्ट मांडला तो ह्याच ओवेन यांनीं!

तो भेद मुलांस शिकवावयाचाच. पण तो नांवांत कोंबूं नये. ज्यांनीं ‘पायगोस्टाइल असेल तो पक्षी’ अशी व्याख्या पाठ केली असेल, त्यांनीं ती वहींतून खोडावी. नोमिंजियास तें हाड होतें, आणि तो पक्षी नव्हता.