झटपट खाण्याची उधारी

परवा संध्याकाळी नातवाला घेऊन बालाजीच्या दर्शनाला गेलो होतो. परतताना चायनीजची गाडी लागली. नातवाने हट्ट धरला आणि आजोबांनी तो पुरवला. चकचकीत मुलामा दिलेल्या कागदी प्लेटमध्ये मंचुरियन आले, सोबत प्लॅस्टिकचा चमचा आणि सॉसची पुडी. दहा मिनिटांत खाणे आटोपले आणि प्लेट, चमचा, पुडी गाडीमागच्या ढिगावर जाऊन पडले. त्या ढिगात एक गाय तोंड घालून उभी होती. नातू म्हणाला, "आबा, ती प्लेट पण खाते का?" मला उत्तर सुचले नाही.

बँकेत उभी हयात गेलेल्या माणसाची खोड सुटत नाही. कुठे जमा दिसली की नावे कुणाच्या खात्यात पडले, ते मी शोधू लागतो. मंचुरियनचे पैसे मी रोख दिले होते. पण त्या प्लेटचा खर्च तेवढ्यावर भागला होता काय?

आधी प्लॅस्टिकचेच पाहू. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या चमचे-ताटल्यांवर बंदी आली. तरी माझ्या हातात तो चमचा आलाच. मुलामा दिलेल्या कागदी प्लेटवर बहुधा प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. ती धड कुजत नाही आणि रद्दीवालाही तिला हात लावत नाही. पहिला मोठा पाऊस झाला की हे सारे नाल्यातून आमच्या पैनगंगेत उतरते. म्हणजे पहिली उधारी नदीच्या खात्यात.

दुसरी उधारी तेलाची. आपल्या देशात खाद्यतेलाच्या गरजेचा निम्म्याहून अधिक भाग आयातीतून भागतो. त्यात मोठा वाटा इंडोनेशिया-मलेशियातून येणाऱ्या पामतेलाचा आहे. बिस्किटे, फरसाण, नूडल्स आणि गाड्यांवरच्या कढया, सगळीकडे ते पोचले आहे. पामचा एकरी उतारा इतर तेलबियांपेक्षा कितीतरी जास्त, म्हणून ते स्वस्त. पण त्या मळ्यांसाठी सुमात्रा आणि बोर्निओ बेटांवरची घनदाट जंगले मोठ्या प्रमाणावर तोडली गेली. मेहकरच्या कढईतल्या तेलाची किंमत तिथल्या जंगलाने मोजलेली असू शकते.

वाचकहो, इथे मला एक कबुली द्यायची आहे. आमचा हा भाग ज्वारी-कपाशीचा. नव्वदच्या दशकात सोयाबीन आले आणि पाहता पाहता पसरले. त्या काळात सोयाबीनच्या कितीतरी पीककर्जांवर मी सही केली. शेतकऱ्याला लवकर पैसा हवा होता आणि बँकेला वसुली, त्यामुळे कुणाचेच चुकले असे म्हणता येणार नाही. पण ज्वारी मागे पडली. तिच्याबरोबर गुरांचा कडबा गेला आणि कमी पाण्यात येणारी भाकरीही गेली. विपर्यास असा, की आमच्या शेतातल्या सोयाबीनमध्ये तेल असते जेमतेम पाचवा हिस्सा. उरलेली पेंड मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्याला जाते, निर्यातही होते आणि आपण तळणाला तेल परदेशातून आणतो.

झटपट खाणे मुळातच वाईट, असे मी म्हणणार नाही. आमच्याच जिल्ह्यातली शेगावची कचोरी स्टेशनवर गाडी थांबते तेवढ्या वेळात खाल्ली जाते. १९९५ साली राज्यात एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे निघाली. पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, मॅकडोनाल्डने मुंबईत पाऊल ठेवले. एका बाजूला भाकरी, दुसऱ्या बाजूला बर्गर, अशी ती वेळ होती. पुढे अनुदान आटले आणि अनेक केंद्रांच्या जागी दुसरेच खाद्यपदार्थ विकले जाऊ लागले. भाकरी चवीत हरली नाही. ती रोज थापून, शेकून, वेळेवर देणारी व्यवस्था आपण टिकवली नाही.

मंचुरियनवाल्याला मी दुसऱ्या दिवशी विचारले, स्टीलच्या प्लेटी का ठेवत नाहीस? तो म्हणाला, "सायेब, त्या धुवाले पानी कोठून आनू? ड्रमचे पैसे पडतात." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. घरी येऊन मी जाहीर केले, की यापुढे आठवड्यातून चार दिवस ज्वारीची भाकरी. सौभाग्यवतींनी शांतपणे विचारले, "थापणार कोण?" मी गप्प बसलो. पर्यावरणाची सारी उधारी घरातल्या बाईच्या मनगटाकडून वसूल करायची, तर तोही अन्यायच.

२०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने म्हटले आहे, की माणसाने हवेत सोडलेल्या हरितगृह वायूंपैकी सुमारे एक तृतीयांश अन्नव्यवस्थेतून येतात. त्यात शेती, वाहतूक, वेष्टन, कचरा असे सगळेच आले. म्हणजे आपण काय खातो, याला महत्त्व आहेच. पण एकट्यादुकट्याच्या निग्रहाने ते बदलणार नाही.

मग करावे काय? प्रवासाला निघताना शिदोरी आणि पाण्याची बाटली घ्यावी. समृद्धी महामार्ग झाला म्हणून आईच्या हातची दशमी जुनी होत नाही. पार्सल आणायला घरचा डबा न्यावा. लग्नकार्यात पळसाच्या पत्रावळी मागाव्यात. त्या उकिरड्यावर गेल्या तरी त्यांचे खतच होते. नगरपालिकेने खाऊगल्लीत एक सामायिक नळ आणि भांडी धुण्याचा ओटा दिला, तर गाडीवाल्याची अडचण सुटेल.

आणि बचत गटाच्या बायकांनी बसस्थानकाजवळ झुणका-भाकरीची, ज्वारीच्या धिरड्यांची गाडी काढली, तर बँकेने त्यांना पुढे होऊन कर्ज द्यावे. थापणाऱ्या हातांना मोल मिळेल आणि ज्वारीला गिऱ्हाईक मिळेल. मी निवृत्त माणूस, आता माझ्या सहीला किंमत नाही. पण त्या गाडीवर पहिले गिऱ्हाईक व्हायला सही लागत नाही.

तूर्त नातवाने एक तोड काढली आहे. परवा मंचुरियनला निघताना त्याने स्वयंपाकघरातून स्वतःची स्टीलची ताटली आणि चमचा घेतला. गाडीवाला हसला, पण वाढले त्याने ताटलीतच.